कालिंदी घर का सोडते

“टीबी?” जयसिंग हसले. “शालन, कालिंदी टीबी झाला म्हणून घर सोडते?”

“कादंबरीत तसंच आहे,” मी म्हटलं. “नवऱ्याला लागण होऊ नये म्हणून ती काही न सांगता माहेरी जाते. यशवंताला वाटतं, ही आपल्याला विटली. पुढं खरं काय ते कळतं आणि ती परत येते.”

“अगं, पण आता थेटरात लोक...”

“हसतील. हसू देत. बायका रडतील.”

“हसण्याचं नाही म्हणत मी. मला म्हणायचंय, की हे जे कारण आहे ते...”

“खोटं वाटतं.”

त्यांनी कप बशीत ठेवला. “हो,” ते म्हणाले. “तेच.”

आम्ही पन्हाळ्यावर होतो, एका ओळखीच्यांच्या बंगल्यात. कोल्हापूरच्या आमच्या सिनेमावाल्यांत रिवाजच होता तसा: कथा अडली की चला पन्हाळ्याला. वर थंडगार वारा, खाली गुऱ्हाळांचा धूर, आणि मधे बसून माणसं एकमेकांचं डोकं खात. माघ महिना होता. जयसिंग दिग्दर्शक, मी संवाद लिहिणारी. नवरा-बायको म्हणून आमचं काय चाललं होतं ते पुढं सांगते.

कादंबरीचं नाव सांगत नाही. तुमच्या आईच्या नाहीतर मावशीच्या कपाटात असेलच, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. एका पिढीच्या बायका तिच्यावर रडल्या. आमचे निर्माते तवनाप्पा चौगुले, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांची फौंड्री होती आणि सिनेमाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांची बायको ही कादंबरी उशाशी घेऊन निजायची. ती वारली, आणि अण्णांनी ठरवलं की हिच्या नावानं एवढा सिनेमा काढायचा. त्यांची अट एकच. “वैनी, बाकी काय पण करा. कालिंदी परत आली पायजे. माझी मंडळी तेवढंच पान परत परत वाचायची.”

अण्णांना दिग्दर्शक म्हणून जयसिंगांचं नाव मीच सुचवलं. त्यांचे दोन सिनेमे पाठोपाठ आपटले होते. घरात आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. ते जेवायचे, पेपर वाचायचे, “बरं” म्हणायचे आणि बाहेर पडायचे. घरात माणसं दोन आणि आवाज एकाचाच, तोही माझा. मला वाटायचं, हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू घरातून निघून चाललाय, आणि अडवायला धरू कुठं? लग्नाआधी नाटक मंडळीत आम्ही रात्रंदिवस एकत्र काम केलं होतं, तेव्हाचे ते किती वेगळे होते. म्हटलं, पुन्हा एकत्र कामाला बसलो तर होईल ठीक. अण्णांना त्यांच्या मंडळीचा सिनेमा हवा होता. मला माझा नवरा परत हवा होता.

आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, कालिंदी परत येणार नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे जाते ती जाते. यशवंत दारात उभा. संपलं.”

“अण्णांची अट विसरलात?”

“अण्णांना मी समजावीन.”

“तुम्ही? तुम्ही समजावणार?” मी म्हटलं. “अण्णांना शेवटी मलाच समजवावं लागेल.”

त्यांनी कादंबरी माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, “ती परत का येते, ते तरी सांग.”

“प्रेम आहे म्हणून.”

“प्रेम असलेली माणसं जात नाहीत होय?”

“जातात. पण परत येतात. नाहीतर त्याला प्रेम कशाला म्हणायचं?”

“तुझं वाक्य चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण ते खरं नाही.”

दुपारपर्यंत आवाज चढले. ते म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीला शेवटी गाठ मारायची खोड आहे. मी म्हटलं, गाठ नाही मारली तर शिवण उसवते. ते म्हणाले, बाई खरोखर घर सोडून गेली तर काय होतं हे तू कधी बघितलंयस का? आता मला राहवेना. मी म्हटलं, “तुमच्या मागच्या दोन सिनेमांत कोणी कोणाकडे परत आलं नाही. प्रेक्षकसुद्धा नाहीत.”

ते उठले आणि चप्पल घालून तटाच्या बाजूला चालते झाले. ऊन कलेपर्यंत आले नाहीत. मी एकटीनंच पोहे खाल्ले. मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटत होतं. माणूस चिडला म्हणजे जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, “उलटं वाचूया का?”

मी बघतच राहिले. उलटं वाचन ही आमच्या नाटक मंडळीतली जुनी पद्धत. प्रवेश अडला की बाईचं काम पुरुषानं वाचायचं आणि पुरुषाचं बाईनं. पुढं कागद नाही, सुचेल ते बोलायचं. आपली नेहमीची ढब सुटते आणि खोटं वाक्य लगेच उघडं पडतं. आमचं लग्न ठरलं ते अशाच एका वाचनात. ते नायिका होऊन रुसले होते आणि मी नायक होऊन समजूत काढत होते. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही तसं बसलो नव्हतो.

“या की!” मी म्हटलं. “कालिंदीबाई, शाल घ्या.”

शाल पांघरायचीच, असा नाटक मंडळीचा नियम. त्यांनी माझी शाल डोक्यावरून घेतली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मिशीवाली कालिंदी. मला हसू आवरेना. मी त्यांची टोपी घातली, वही मांडीवर घेतली आणि यशवंत झाले. यशवंताच्या भूमिकेत आहे म्हणून मला त्यांना ‘तू’ म्हणायची मुभा होती. आमच्या घराण्यात नवऱ्याला नावानंसुद्धा हाक मारत नाहीत, तिथं ही मोठीच चैन.

“कालिंदी, पिशवी घेऊन कुठं निघालीस?”

“माहेरी.”

“सण नाही, वार नाही. तुझ्याकडे कोणी आजारी आहे का?”

“कोणी आजारी नाही,” कालिंदी म्हणाली. “मीसुद्धा धडधाकट आहे.”

झालं, टीबी गेला. मी मान डोलावली. ठीक आहे, पुढं बघू.

“मग? माझं काही चुकलं?”

ते पायरीवरचं एक वाळकं पान उचलून त्याच्या शिरा सोलत बसले. मी पुढचं वाक्य देणार, एवढ्यात बोलायला लागले. आवाज अगदी खाली.

“तुमचं काही चुकत नाही हो. कधीच चुकत नाही. मी एक काहीतरी बोलायला जाते, आणि तुम्ही पुढचं बोलून मोकळे होता. आणि ते माझ्यापेक्षा बरं असतं. लोक म्हणतात, किती समजून घेतात तुला! खरंच घेता. लग्नाआधी मी बोलायची. वेडंवाकडं बोलायची, पण माझं माझं. आता तोंड उघडते आणि थांबते. तुम्ही म्हणालात की मग मला कळतं, मला काय म्हणायचं होतं. कधीकधी मला ते म्हणायचंच नसतं. पण तुम्ही म्हटल्यावर तेच खरं वाटायला लागतं.”

कादंबरीत असलं एक वाक्य नव्हतं. मला वाटलं, मिळाली, कालिंदी मिळाली!

“थांबा, थांबा,” मी म्हटलं आणि पेन उघडलं. “परत म्हणा ते.”

“परत?”

“उतरवून घेते की. म्हणा.”

त्यांनी परत म्हटलं. थोडं अडखळत, पण म्हटलं. मी भराभर लिहिलं.

“‘ते माझ्यापेक्षा बरं असतं’ हे मधे नको,” मी म्हटलं. “ते शेवटी घेऊ. तिथं थेटर गप्प होईल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “शेवटी?”

“हो. ‘तुम्ही म्हणता ते माझ्यापेक्षा बरं असतं. म्हणून मी जाते.’ असं. म्हणून बघा.”

“तुम्ही म्हणता ते माझ्यापेक्षा बरं असतं,” ते म्हणाले. “म्हणून मी जाते.”

“बघा! कसं बसलं.”

“बसलं खरं,” ते म्हणाले. मग पान टाकून देऊन पुढं बोलले, “तुम्ही मारलं असतं, दारू प्याला असता, तर मला लोकांना सांगायला कारण तरी असतं. आता कुणाला काय सांगू? नवरा चांगला आहे म्हणून चालले?”

“अहो, सोनं आहे हे सोनं!” मी टाळीच वाजवली.

ते हसले नाहीत. शाल तशीच डोक्यावर. “यशवंत काय म्हणतो?” त्यांनी विचारलं.

“त्याचं नंतर बघू. आधी हिचं नीट उतरवते.”

“मला आत्ता ऐकायचंय. त्याला काहीतरी म्हणायचं असेलच ना?”

“घाईनं लिहिलं तर कच्चं राहील हो. त्याचं मी दोन दिवसांत घोटून घोटून लिहिते, बघा तुम्ही.”

मग त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि माझ्या शेजारी ठेवली. “वाच बघू सगळं,” म्हणाले.

मी वाचलं. चांगलं वाचलं. एके काळी माझ्या आवाजाची तारीफ व्हायची. ते खाली मान घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “असंच म्हणायचं होतं मला. माझ्यानं झालं नसतं.”

मला वाटलं, कौतुक करतायत.

जेवण झाल्यावर ते हातात पिशवी घेऊन एसटीला निघाले. अण्णांना सीन ऐकवून येतो म्हणाले. मी फाटकापर्यंत गेले आणि मागून ओरडले, “अहो, कागद घ्या की!”

“पाठ आहे,” ते म्हणाले, आणि उतारावरून गेले.

पुढचे दोन दिवस मी ज्या सुखात काढले, तसलं सुख मला नंतर कधी मिळालं नाही. मी गुणगुणत होते. केस धुतले, उन्हात बसून वाळवले. माझा नवरा माझ्याशी बोलला होता, पोटातलं बोलला होता, भले कालिंदीचं म्हणून का होईना. मला वाटलं, गाडी रुळावर आली. मी यशवंताचं उत्तर लिहिलं, कालिंदी परत येते तो सीन लिहिला. त्यात यशवंत दीड पान बोलतो. काय एकेक वाक्य होतं! लिहिता लिहिता मी स्वतःच डोळे पुसत होते.

तिसऱ्या दिवशी जीप वाजली. मी पदर सारखा करत बाहेर आले. अण्णा एकटेच उतरले.

“हे कुठं आहेत?” मी विचारलं.

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. “पाणी द्या वैनी आधी.”

पाणी दिलं. तांब्या रिकामा करून ते खुर्चीत बसले आणि खाली धुराकडे बघत म्हणाले, “सायेब मुंबईला गेले. ट्रंक घिऊन.”

“मुंबईला? कशाला? स्टुडिओचं काही निघालं का?”

“न्हाई. तिकडंच ऱ्हाणार म्हणत्यात आता. एक खोली बघितलीया म्हणं. सिनेमा करणार, शब्द दिलाय त्यांनी मला. शूटिंगला येतील.” ते अवघडून गेले होते. फौंड्रीतला तो दांडगा माणूस खुर्चीत लहान होऊन बसला होता. “मी म्हटलं त्यास्नी, सायेब, वैनीस्नी सांगा आधी, आसं बरं दिसत न्हाई. तर म्हणाले, सांगून झालंय.”

“मला कुठं काय सांगितलं?” मी म्हटलं. “मला काही सांगितलं नाही त्यांनी!”

“सगळं सांगितलंय म्हणाले,” अण्णा म्हणाले. “तुमी लिवूनसुदिक घेतलंय म्हणाले.”

मी आत गेले. कागद टेबलावरच होता, माझ्या अक्षरात, माझ्या विरामचिन्हांसकट. मी पहिल्यापासून वाचला. या खेपेला माझा आवाज मधे आला नाही, त्यांचाच ऐकू आला. पायरीवर बसून, पानाच्या शिरा सोलत, हा माणूस मला सोडून जातोय म्हणून सांगत होता, आणि मी त्याचं वाक्य उचलून शेवटी नेऊन ठेवलं होतं. कुठं टाळी पडेल ते मी त्याला दाखवत होते. त्यानं विचारलं होतं, यशवंत काय म्हणतो. दोनदा विचारलं होतं.

मला राग आला, भयंकर राग आला. माणसानं बायकोला सांगायचं तर समोर बसून, स्वतःच्या तोंडानं सांगावं. शाल पांघरून कालिंदीच्या आडून कसलं सांगतोस? असं मी भिंतीला म्हटलं, आणि चक्क एकेरीत म्हटलं. मग माझं मलाच कळलं. स्वतःच्या तोंडानं ते बोलायला लागले असते, तर त्यांचं पहिलंच वाक्य मी पुरं केलं असतं, आणि ते “हो, तेच” म्हणून पुन्हा पेपर वाचत बसले असते. आणखी किती वर्षं बसले असते, कोण जाणे. मी पलंगाच्या कडेला बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, बाहेर अण्णा होते म्हणून.

बाहेर अण्णा खाकरले. “वैनी, मी निघू का मागाहून येऊ?”

“थांबा अण्णा,” मी म्हटलं. “शेवटचा सीन राहिलाय.”

ते दीड पान मी फाडलं आणि नव्यानं लिहायला बसले. अण्णा व्हरांड्यात बसून राहिले, एकदाही काही विचारलं नाही. सकाळची दुपार झाली. मी आयुष्यात इतकं कमी कधी लिहिलं नाही आणि इतकं कठीणही. कालिंदी दारात येते. यशवंत उठून उभा राहतो. कालिंदी म्हणते, “मी...” आणि थांबते. यशवंताला पुढचं माहीत आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, पण तो बोलत नाही. स्टूल पुढं ओढतो आणि तिला बसायला देतो. ती पुन्हा सुरू करते, पुन्हा अडते. तो तिच्यासमोर जमिनीवर बसतो. ती काहीतरी वेडंवाकडं, अर्धवट बोलत राहते आणि तो ऐकत राहतो. त्याला एकही वाक्य नाही.

मी कागद अण्णांच्या हातात दिला. ते ओठ हलवत वाचतात, त्यांना वेळ लागला.

“हिरो गप्पच?” त्यांनी विचारलं.

“गप्पच. तिचं होऊ दे.”

“किती वेळ?”

“तिला लागेल तेवढा वेळ. तो बसेल.”

अण्णांनी पुन्हा वाचलं आणि टोपीनं डोळे पुसले. “माझी मंडळीपण आशीच आडायची बोलताना,” म्हणाले. “मी म्हणायचो, बोल की लवकर, फौंड्रीला जायचंय.”

“हा कागद आजच मुंबईला पाठवा, अण्णा. टपालानं नको, कोणाच्या तरी हाती. थेट त्यांच्या हातात पडला पाहिजे.”

“मीच जातो की,” अण्णा म्हणाले.

मी मंगळवार पेठेतल्या घरी परत आले आणि वाट बघायला लागले. वाट बघता बघता गप्प राहायचा सराव करत होते. हसू नका. दूधवाला म्हणाला, “वैनी, उद्यापासून...” तर मी “येणार नाहीस का” असं म्हटलं नाही, तो संपेपर्यंत थांबले. शेजारच्या सुलोचनाबाई त्यांच्या सुनेचं रडगाणं घेऊन आल्या, तेही सगळं मुकाट्यानं ऐकलं. त्यांना वाटलं, मला बरं नाही. फाटक वाजलं की मी उठायची, आणि मनात म्हणायची, आले तर काही बोलायचं नाही. स्टूल द्यायचं आणि खाली बसायचं. स्टूल मी दाराजवळच ठेवलं होतं.

अण्णा आले ते एका संध्याकाळी, दिवेलागणीला. स्टुलावर तेच बसले.

“दिलं त्यांच्या हातात?”

“दिलं की. माझ्यासमोरच वाचलं. वाचलं आणि किती वेळ गप्पच बसून होते. मी पण बोललो न्हाई. मग उठून खिडकीपाशी गेले.”

मी गप्प राहिले.

“मग म्हणाले, वैनीस्नी सांगा, यातला एकबी शब्द बदलायचा न्हाई. हाय तसा घेणार. सीन पास!” अण्णांचा चेहरा फुलला होता. त्यांच्या मंडळीचं पान सुखरूप होतं. “ह्याच्यावाणी सीन मराठीत न्हाई म्हणाले.”

“आणि?”

“आणि...” अण्णा म्हणाले, आणि छताकडे बघत आठवायला लागले.

मी त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि थांबले. बाहेर कोणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं, जिना चढून गेलं. मी थांबलेच होते.

“आणि काय न्हाई, वैनी,” अण्णा म्हणाले. “एवढंच.”